मूत्रपिंडाची गोष्ट (लेखांक ७) : सिस्टर, डावा हात राहू द्या

मागच्या लेखांकात डायलिसिसचं मशीन आतून पाहिलं. चार तासांच्या एका बैठकीत गाळणीच्या एका बाजूने रुग्णाचं रक्त आणि दुसऱ्या बाजूने सुमारे १२० लिटर द्रावण कसं वाहतं, हे त्यात आलं. या वेळी मशीनशेजारी उभ्या असणाऱ्या सिस्टरविषयी लिहायचं आहे. तिला काय शिकवलं जातं, आणि काय शिकवायचं राहून जातं.

त्यासाठी पनवेलकडे पाहावं. उरण, पेण, खालापूर, कर्जतचे कितीतरी रुग्ण मुंबई गाठण्याआधी इथे उतरतात. शहरात उपजिल्हा रुग्णालय आहे, कामोठ्यात एमजीएमचं वैद्यकीय महाविद्यालय, रुग्णालय आणि नर्सिंग कॉलेज आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आधी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत पनवेलचा रायगड जिल्हा होता. तीच पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. २०१६-१७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा झाली. पैशाअभावी ज्यांना डायलिसिसचं नावही काढता येत नव्हतं, ती माणसं खुर्चीत येऊन बसू लागली. यंत्रं आली, ती चालवणारे तंत्रज्ञ आले. त्या वेगाने मूत्रपिंडाच्या रुग्णाला सांभाळणाऱ्या सिस्टर तयार झाल्या नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि सिस्टर म्हणजे फक्त डायलिसिस विभागातली धरू नका. नुकसान बहुतेकदा त्याआधी, जनरल वॉर्डात होतं. पंचावन्न वर्षांचा, जुना मधुमेह असलेला, क्रिएटिनिन चारवर गेलेला माणूस तापाने ॲडमिट होतो. रात्रपाळीची सिस्टर त्याच्या डाव्या हाताची बाही वर करते, मनगटाच्या वर ठसठशीत शीर दिसते, तिथे व्हेनफ्लॉन बसवते. काम चोख झालं. पण दोन-तीन दिवसांत ती शीर सुजते, दोरीसारखी कडक होते. वर्षभराने डायलिसिसची वेळ आली की सर्जन नेमकी तीच शीर शोधतो. कारण डायलिसिससाठी लागणारा फिस्टुला, म्हणजे धमनी आणि शीर एकमेकींना जोडून तयार केलेली मोठी रक्तवाहिनी, शक्यतो कमी वापरातल्या हाताच्या मनगटापाशीच करतात. ब्रेशिया आणि सिमिनो या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९६६ मध्ये ही पद्धत जगापुढे मांडली आणि आजही तिच्याइतका टिकाऊ, कमी जंतुसंसर्गाचा मार्ग दुसरा नाही. शीर हाती लागली नाही तर मानेत कॅथेटर, आणि कॅथेटर आला की ताप-थंडीची धास्ती आली.

हे टाळायला काय शिकावं लागतं? क्रिएटिनिन वाढलेला रुग्ण असेल तर सुई हाताच्या पाठीवर, कोपर ते मनगट या भागाला हात लावायचा नाही. सांगायला दहा मिनिटं पुरतात. केसपेपरवर मोठ्या अक्षरांत ‘डावा हात राखून ठेवा’ लिहिलं की पाळी बदलली तरी निरोप पोचतो. रुग्णानेही बेधडक म्हणावं, “सिस्टर, डावा हात राहू द्या, मागे हातावर बघता का?” हे ऐकून रागावणारी सिस्टर मला भेटायची आहे, बहुतेकींना कुणी सांगितलेलंच नसतं.

फिस्टुला झाल्यावरचं शिक्षण अधिक नाजूक. त्या हातावर रक्तदाब मोजायचा नाही, रक्त काढायचं नाही, तो उशाला घेऊन झोपायचं नाही, त्या हाताने पाण्याचा हंडा उचलायचा नाही. रोज सकाळी बोटं ठेवून थरथर लागते का पाहायचं. ती थांबली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. आता या यादीत ‘घट्ट काही घालू नका’ असंही असतं. समोर बसलेल्या बाईच्या डाव्या मनगटात हिरव्या बांगड्या असतात. “त्या काढा” एवढं म्हणून पुढे जाणारी सिस्टर नियम पाळते, पण मावशी घरी जाऊन बांगड्या पुन्हा चढवतात. “मावशी, उजव्या हातात भरा, डाव्यात एक सैलशी राहू द्या, आणि तीही टोचायच्या जागेपासून लांब,” असं म्हणणारी सिस्टर तो हात वाचवते. हे बोलणं उपजत येत असेल तर उत्तमच, पण ते शिकवताही येतं, आणि शिकवायलाच हवं.

पाण्याचं तसंच. दोन बैठकांमध्ये वजन वाढतं ते मुख्यतः साठलेल्या पाण्याने. दर किलो वजनामागे तासाला १३ मिलिलिटरपेक्षा वेगाने पाणी काढलं तर हृदयावर ताण येतो, असं आता मानलं जातं. साठ किलोच्या माणसाचं गणित करा: तासाला ७८०, चार तासांत तीन लिटरांच्या किंचित वर. तो साडेचार किलो वाढवून आला तर सगळं एका दिवसात ओढता येत नाही; ओढलं तर रक्तदाब कोसळतो, पायात गोळे येतात. अशा वेळी खुर्चीशेजारी ऐकू येतं, “पाणी प्यायलात ना? किती वेळा सांगायचं?” माणूस खाली बघतो आणि पुढच्या वेळी खोटं सांगतो. खरा प्रश्न मिठाचा असतो. उरणकडच्या घरात जून-जुलैत मासेमारी बंद असताना ताटात सुकट, जवळा, बोंबील असतात. भिजवून पाणी फेकलं तरी त्यांतलं मीठ पूर्ण जात नाही. मीठ पोटात गेलं की तहान लागणारच. म्हणून आधी विचारावं, “काका, काल रात्री काय जेवलात?” आणखी एक धोका: कमी सोडियमचं म्हणून विकलं जाणारं मीठ. त्यात पोटॅशियम क्लोराईड असतं, आणि डायलिसिसच्या रुग्णाच्या हृदयाचे ठोके ते थांबवू शकतं. घरची माणसं ते काळजीपोटी आणतात, म्हणून सिस्टरने स्वतःहून विचारायला हवं.

सांगून झाल्यावर “कळलं ना?” विचारू नये. सगळे ‘हो’ म्हणतात. “घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल, मला सांगा बघू,” असं विचारलं की काय पोचलं आणि काय सांडलं ते लगेच दिसतं.

रुग्णाच्या मनात काय असतं, हा प्रश्न जगभर विचारला गेला आहे. सत्तरहून अधिक देशांतल्या रुग्णांना, नातेवाइकांना आणि डॉक्टर-परिचारिकांना हिमोडायलिसिसमध्ये काय महत्त्वाचं वाटतं, हे एका मोठ्या पाहणीने तपासलं. निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. डॉक्टर-परिचारिकांनी मृत्यू, रुग्णालयात भरती, पोटॅशियम यांना जास्त गुण दिले. रुग्णांनी त्यांच्याहून जास्त गुण दिले ते प्रवास करता येणं, डायलिसिसविना मिळणारा वेळ आणि बैठकीनंतरचा गळाठा यांना. पुढे थकवा हा मोजायलाच हवा अशा चार मुख्य गोष्टींत धरला गेला. आपल्याकडे वजन, दाब, नाडी प्रत्येक बैठकीला चार्टवर उतरते. “मागच्या वेळी घरी गेल्यावर अंगात बळ यायला किती तास लागले?” हा प्रश्न त्याच चार्टवर एक ओळ मागतो. उत्तर ‘दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत’ असेल तर पाणी फार वेगाने काढलं जात असेल, ड्राय वेट (जादा पाणी काढल्यावर उरायला हवं ते वजन) चुकलं असेल, हिमोग्लोबिन खाली असेल. डॉक्टरांपर्यंत ही बातमी सिस्टरच नेऊ शकते. कर्जतहून येणाऱ्याला गाडी पकडायची असते. राउंडच्या दोन मिनिटांत तो हे बोलत नाही.

महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते आणि त्यासाठी निरंतर शिक्षणाचे गुण जमवावे लागतात. ही सोय चांगली आहे. पण गुण सभागृहातल्या व्याख्यानांतून जमतात, इंग्रजी स्लाइडवरून. मराठीत, कोकणी-आगरी वळणाच्या बोलीत रुग्णाशी बोलायचं कसं, याचा सराव तिथे होत नाही. तो खुर्चीशेजारी, अनुभवी सिस्टरबरोबर उभं राहूनच होतो, आणि त्या तासांनाही गुण मिळायला हवेत.

पनवेल परिसरातल्या रुग्णालयांच्या मेट्रनना आणि नर्सिंग कॉलेजांच्या प्राचार्यांना माझी विनंती आहे. १२ मेच्या परिचारिका दिनी सत्कार व्हावेतच. त्या आठवड्यात जनरल वॉर्डातल्या प्रत्येक सिस्टरला डायलिसिस विभागात दोन तास बसवावं, एका रुग्णाच्या फिस्टुलावर बोटं ठेवू द्यावीत आणि त्या रुग्णालाच बोलू द्यावं. याला वेगळा निधी लागत नाही, ड्युटीच्या तक्त्यात जागा लागते.

पुढील लेखांकात : घरच्या घरी होणारं पोटाचं डायलिसिस.