चालनदोष, यांत्रिक हत्यारांतील
संख्यात्मक नियंत्रण असलेल्या लेथ, मिलिंग इ. यंत्रांत अक्षांना व तर्कूला (स्पिंडलला) गती देणाऱ्या विद्युत् यंत्रणेत उद्‌भवणारे दोष. अशा यंत्रात नियंत्रक हत्याराचा मार्ग ठरवितो, चालक एकक त्यानुसार चलित्रास (मोटरीस) प्रवाह पुरविते आणि चलित्राच्या दंडावरील एन्कोडर प्रत्यक्ष स्थिती उलट कळवितो. या दोन स्थितींतील फरक, प्रवाह किंवा तापमान मर्यादेबाहेर गेले की, यंत्र थांबते व पडद्यावर सूचना-क्रमांक उमटतो.

अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९५२ मध्ये या पद्धतीचे मिलिंग यंत्र दाखविण्यात आले. त्यानंतर दीर्घकाळ नियंत्रकाकडून प्रत्येक चालकाकडे स्वतंत्र तारा जात. पुढे एकाच केबलने किंवा प्रकाशीय तंतूने सर्व चालक साखळीसारखे जोडण्याची पद्धत आली. तारा कमी झाल्या, पण दोषाचे मूळ शोधणे अवघड झाले. साखळीतील तिसऱ्या एककाचा २४ व्होल्टचा नियंत्रण-पुरवठा तुटल्यास त्याच्या पुढील निर्दोष एककेही हरवल्याची सूचना मिळते. त्यामुळे एकदम आलेल्या अनेक क्रमांकांपैकी वेळेच्या दृष्टीने पहिला कोणता, हे महत्त्वाचे ठरते. रीसेटचे बटन दाबण्यापूर्वी तो लिहून घ्यावा. घाईत नेमके हेच राहून जाते. नंतर प्रतिसाद देणारे शेवटचे एकक व हरवलेले पहिले एकक यांमधील जोडणी आणि दुसऱ्याचा पुरवठा तपासतात.

दोष कोणत्या क्षणी येतो, यावरूनही बोध होतो. वेग घेताना प्रवाह वाढल्यास अडकलेला सरकपाट, न सुटलेला ब्रेक किंवा चलित्राचे खराब निरोधन यांचा संशय येतो. थांबताना व्होल्टता वाढल्यास चलित्राकडून परतणारी ऊर्जा शोषणारा रोधक तपासावा लागतो.

रत्नागिरीसारख्या किनारी गावात हवामानाचाही विचार करावा लागतो. येथे वर्षाला ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. ३०° से. तापमान व ८५ टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू सु. २७° से. असतो. म्हणून २५° से.पर्यंत थंड केलेल्या नियंत्रण-कपाटाचे दार पावसाळ्यात उघडताच आतील मंडलांवर दव जमू शकते. उन्हाळ्यात सोयीचे वाटणारे उघडे दार येथे महाग पडते. सकाळी येणारा व यंत्र तापल्यावर नाहीसा होणारा दोष बहुधा ओलाव्याचा असतो. खाऱ्या हवेने जोडणीच्या पिना गंजतात. एन्कोडरचा संदेश अधूनमधून तुटण्याचे ते एक कारण होय.

४१५ व्होल्टच्या पुरवठ्यावर थेट चालणाऱ्या एककातील एकदिश व्होल्टता सु. ५८५ पर्यंत जाते. पुरवठा तोडल्यावरही धारित्रांत (कपॅसिटरमध्ये) प्राणघातक भार काही मिनिटे टिकतो; म्हणून निर्मात्याने सांगितलेला वेळ थांबून व्होल्टता मोजल्याखेरीज हात घालू नये. मेगरने निरोधन मोजताना चलित्राच्या तारा चालकापासून सोडवाव्या लागतात, नाहीतर चालकच निकामी होतो. एन्कोडरवर तर ही चाचणी करीतच नाहीत. उभ्या अक्षाचे चलित्र सोडविण्यापूर्वी त्याला खालून आधार देतात, कारण ब्रेक चलित्रातच असल्यास तर्कूचे जड शीर्ष खाली कोसळते.

समान क्षमतेच्या दोन अक्षांच्या चालकांची अदलाबदल केल्यावर दोष दुसऱ्या अक्षावर गेला, तर चालक सदोष. त्याच अक्षावर राहिला, तर केबल, चलित्र किंवा एन्कोडर पाहावे. त्यापूर्वी यंत्राच्या सर्व प्राचलांची प्रत काढून ठेवणे आवश्यक असते.