अब्बांचा कॉम्प्युटर

अब्बांच्या इंतकालानंतर त्यांचा जुना कॉम्प्युटर दोन वर्षं चादरीखाली होता. भाईजान म्हणाले, "भंगारात देऊन टाक." मी चालू करून पाहिला, तर काळ्या पडद्यावर एकच ओळ आली, 'एनटीएलडीआर इज मिसिंग'. दुरुस्तीवाल्या मुलाने तर उघडूनही पाहिला नाही. "मॅडम, एक्सपी आता कोण वापरतं?"

पण त्यात आमच्या खानदानाचा शजरा होता. हाताने लिहिलेला जुना कागद घरात आहे, पण त्यावर फक्त मुलग्यांची नावं. निवृत्तीनंतर अब्बा गावोगावच्या नातेवाइकांकडे जाऊन बायकांची, मुलींची नावं विचारत आणि रात्री 'इनपेज'मध्ये टाइप करत.

इनपेज म्हणजे काय, ते उर्दूवाल्या घरांना सांगायला नको. नस्तालीकमध्ये अक्षरं तिरकी उतरतात आणि शेजारी कोण बसलंय ते बघून रूप बदलतात, म्हणून वर्तमानपत्रंसुद्धा कातिब हाताने लिहीत. मिर्झा अहमद जमील यांनी अक्षरांच्या हजारो जोडण्या स्वतः लिहिल्या आणि 1981 मध्ये त्यांतून मोनोटाइप कंपनीच्या यंत्रावर 'नूरी नस्तालीक' उभं राहिलं. तेच अक्षर 1994 मध्ये दिल्लीत तयार झालेल्या इनपेजमुळे घरातल्या कॉम्प्युटरवर आलं.

आधी मी हार्ड डिस्क काढून, बाहेरच्या केसिंगमध्ये घालून लॅपटॉपला जोडली. शजऱ्याची फाइल 'डी' ड्राइव्हवर सहीसलामत होती. ती पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. हे काम कुणीही सगळ्यात आधी करावं, बाकी सगळं नंतर. पण फाइल नोटपॅडमध्ये उघडली, तर नुसते चौकोन आणि विचित्र चिन्हं. त्या काळच्या इनपेजची अक्षरांची सांकेतिक भाषा स्वतःची होती, आजच्या युनिकोडशी तिचा मेळ नाही. अब्बांची इनपेजची सीडीही नव्या लॅपटॉपवर चढेना. मग जुन्याच मशीनवर पुन्हा एक्सपी टाकायचं ठरवलं.

एक्सपीची मूळ सीडी अब्बांच्या कपाटात, हज कमिटीच्या कागदांखाली मिळाली. पंचवीस अक्षरांची की कॅबिनेटला चिकटवलेल्या कागदावर होती, अर्धी पुसलेली. बी की आठ, हे टॉर्च लावून ठरवलं. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल मेलेला, त्यामुळे घड्याळ 2002 मध्ये जाऊन बसलं होतं. सेल बदलला, बायॉसमध्ये सीडीला पहिला नंबर दिला. निळा पडदा आला. एफ-8 दाबून अटी मान्य केल्या, आणि मग तो प्रश्न आला की विंडोज कुठल्या पार्टिशनवर टाकायची. इथे हात थरथरला. 'सी' निवडायचं, 'डी'ला बोटही लावायचं नाही. फाइलची प्रत खिशात असूनही मी बिस्मिल्ला म्हणूनच एंटर दाबलं.

पुढे पडद्यावर '39 मिनिटं बाकी' असं आलं. ती 39 मिनिटं मगरिबपासून इशापर्यंत चालली. (नव्या मशीनची सवय झालेल्या माझ्या मुलीला वाटलं, बंदच पडलाय.) मग ते हिरवं माळरान आणि निळं आभाळ दिसलं आणि अम्मी खुर्ची ओढून बसल्या.

इंटरनेट मात्र जोडलं नाही. मायक्रोसॉफ्टने 8 एप्रिल 2014 पासून एक्सपीच्या सुरक्षेची नियमित डागडुजी बंद केली आहे. असं मशीन नेटवर सोडणं म्हणजे कडी न लावता गावाला जाणं.

इनपेज चढलं. फाइल उघडली. सात पिढ्या, आणि प्रत्येक मुलाशेजारी त्याच्या बहिणी. मी एकेक पान चित्र म्हणून बाहेर काढलं, पेन ड्राइव्हवर घेतलं आणि छापून चिपळूणला फुफींकडे नेलं.

फुफींनी चष्मा लावला, बोट फिरवत आपल्या अम्मींच्या नावावर थांबल्या. "सुग़रा स्वादने लिहितात गं. भाईने सीन लिहिलाय."

इनपेजच्या फोनेटिक कळफलकावर नुसता एस दाबला की सीन येतो, शिफ्ट धरून दाबला की स्वाद. अब्बांचं शिफ्ट राहिलं होतं. घरी आल्यावर पुन्हा चादर काढली. फुफींनी आणखी चार नावं दिली होती, तीही घालायची होती.