डिस्क फॉरमॅटही होईना, रिपेअरही होईना: धंद्याचा लॅपटॉप अडला की आधी काय करायचं?



मार्केटिंग, जीएसटी, कर्जाची फाइल यांवर आपण नेहमीच बोलतो. आज बोलूया एका छोट्या वस्तूबद्दल, जी बंद पडली की या तिन्ही गोष्टी एकदम अडतात. तुमच्या लॅपटॉपमधली डिस्क.

समजा, शहाड स्टेशनजवळ तुमचा गाळा आहे. उल्हासनगरच्या जीन्सवाल्यांना तुम्ही चेन-बटणं पुरवता. बिलिंग एका सेकंडहँड लॅपटॉपवर चालतं. तो हळू झाला, मग अडकायला लागला. ओळखीचा पोरगा म्हणाला, "फॉरमॅट मारा, नवा होईल." फॉरमॅट मारायला गेलात तर मध्येच एरर. रिपेअर करायला गेलात तर टक्केवारी एका आकड्यावर येऊन तासभर हलतच नाही. आता पुढे काय?

पुढे काही करायचं नाही. हात काढा आणि स्वतःला एकच प्रश्न विचारा: या डिस्कवर असं काही आहे का, जे दुसरीकडे कुठेच नाही?

हा प्रश्न कायद्याचाही आहे बरं का. तुम्ही जीएसटीत नोंदणीकृत असाल, तर कलम ३६ प्रमाणे हिशेबाच्या वह्या आणि नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवाव्या लागतात. म्हणजे सहा वर्षं. "डिस्क उडाली साहेब" हे कारण नोटिशीच्या उत्तरात किती टिकेल, ते तुमच्या सीएंना विचारून बघा. शिवाय उधारी! कोणाकडून किती येणं आहे, हे फक्त त्या लॅपटॉपला माहीत असेल तर ती उधारी अर्धी बुडालीच समजा.

डिस्क खराब आहे की नुसती अडली आहे?

इथे बरेच जण फसतात. कित्येकदा डिस्क ठणठणीत असते, आपली पद्धत चुकलेली असते. ज्या सी ड्राइव्हवर विंडोज चालू आहे तीच ड्राइव्ह विंडोजमध्ये बसून पुसता येत नाही. ज्या फांदीवर बसलोय ती तोडण्यासारखं आहे ते. त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मोफत साधन घेऊन किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज भरायचं आणि लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचा. मॅकबुक असेल तर रिकव्हरीमध्ये जाऊन डिस्क युटिलिटी उघडा आणि 'शो ऑल डिव्हायसेस' चालू करा. नाहीतर तुम्ही आतला कप्पा पुसत बसता आणि कपाट तसंच राहतं.

सेकंडहँड लॅपटॉपमध्ये आणखी एक भानगड असते. तो कुठल्यातरी कंपनीचा असेल तर डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असू शकतं. ४८ आकडी रिकव्हरी की नसेल तर आतलं वाचता येत नाही, पण पेनड्राइव्हवरून सुरू करून डिस्क कोरी करता येते. बायोसलाच पासवर्ड असेल, किंवा मॅकवर जुन्या मालकाचा ॲक्टिव्हेशन लॉक असेल, तर विकणाऱ्याकडे परत जा. तो प्रश्न त्याचा आहे आणि तो लॅपटॉप घेतानाच बघायला हवा.

आता खरं दुखणं ओळखायचं कसं? क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. हे सॉफ्टवेअर ती नोंद वाचून दाखवतं: निळा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे गेली. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमध्ये तीन ओळी बघा, ०५, सी५ आणि सी६. डिस्कवरचा एखादा तुकडा वाचता येईनासा झाला की तो सी५ मध्ये 'बघू' म्हणून नोंदला जातो; त्याऐवजी राखीव तुकडा वापरला गेला की ०५ चा आकडा वाढतो. हे आकडे दर दिवसाला वाढत असतील तर ती डिस्क निवृत्तीला आली. पण हे तिन्ही शून्य आहेत आणि फक्त सी७ वाढतोय, तर बहुतेक वेळा दोष केबलचा किंवा ढिल्या जोडणीचा असतो. डिस्क काढून यूएसबी केसिंगमध्ये घाला आणि दुसऱ्या लॅपटॉपला लावा. तिथे नीट चालली तर नव्या डिस्कचे पैसे वाचले.

एसएसडीचं वागणं वेगळं. तिच्यातल्या पेशींवर ठरावीक वेळाच लिहिता येतं. राखीव पेशी संपल्या की काही एसएसडी फक्त वाचू देतात, लिहू देत नाहीत. मग गंमत बघा: तुम्ही फाइल डिलीट करता, कधी फॉरमॅट 'यशस्वी' असाही संदेश येतो, लॅपटॉप बंद करून चालू केला की सगळं जागच्या जागी! भुताटकी वगैरे काही नाही. ती डिस्क तुम्हाला शेवटची संधी देतेय, डेटा काढून घ्या म्हणून.

डिस्कपार्टमध्ये जाऊन रीड-ओन्ली काढणं आणि 'क्लीन' देणं हा उपाय तुम्ही व्हिडिओंत पाहिला असेल. खोटं कुलूप असेल तर तो चालतो, डिस्कनेच हात टेकले असतील तर चालत नाही. आणि डिस्कचा नंबर चुकला तर चांगली डिस्क साफ होते, तेव्हा बाकीच्या डिस्क आधी काढून ठेवा.

रिपेअरचा मोह

सीएचकेडीएसके काय दुरुस्त करतं? वहीची अनुक्रमणिका. पानंच कुजली असतील तर ती शिवून देणारं सॉफ्टवेअर नाही. उलट आचके देणाऱ्या डिस्कवर '/आर' लावून ते चालवलं, की ते प्रत्येक तुकडा वाचायला लावतं आणि उरलासुरला जीव तिथेच जातो. म्हणून क्रम असा: आधी टॅलीचं फोल्डर, एक्सेल, बिलांच्या पीडीएफ अशा लहान आणि मोलाच्या गोष्टी बाहेर काढा. फोटो-व्हिडिओ नंतर. कॉपी अडत असेल तर डीडीरेस्क्यू हे मोफत साधन वापरणारा माणूस शोधा. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं आणि हट्टी भाग शेवटी घेतं. 'टक टक' आवाज येत असेल तर लगेच बंद. हार्ड डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना सल्ला आपल्याकडच्या दमट हवेत तर अजिबात ऐकू नका, बाहेर काढली की आत पाणी साचतं.

पाण्यावरून आठवलं. शहाडच्या शेजारून उल्हास वाहते. २६ जुलै २००५ ला कल्याण-उल्हासनगर-बदलापूर पट्ट्यात तिने काय केलं, ते जुन्या दुकानदारांना सांगावं लागत नाही. भिजलेली डिस्क 'चालते का बघू' म्हणून चालू करू नका, हेअर ड्रायरही नको. ती ओलसरच, पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्यायची, कारण वाळली की गाळ तबकड्यांवर चिकटतो. आणि बॅकअपची डिस्क त्याच गाळ्याच्या खालच्या खणात ठेवली असेल तर त्या बॅकअपचा उपयोग शून्य. एक प्रत घरी, एक क्लाउडवर.

पुसली न गेलेली डिस्क कोणाला देऊ?

डेटा निघाला, नवी एसएसडी बसली, धंदा सुरू. (लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर जुनी डिस्क बरोबर न्या, एम.टू दिसायला सारखी असली तरी साटा आणि एनव्हीएमई वेगळ्या असतात.) जुनी डिस्क मात्र अजून टेबलावर आहे. ती पुसता येत नाही, म्हणजे तिच्यात तुमच्या गिऱ्हाइकांची नावं, पॅन, आधारच्या प्रती सगळं तसंच आहे.

एमआयटीतल्या सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलत या दोन विद्यार्थ्यांनी १५८ वापरलेल्या हार्ड डिस्क विकत घेतल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापले. १२९ चालू निघाल्या. त्यांतल्या नीट पुसलेल्या फक्त १२! मोठ्यांचंही तेच. मॉर्गन स्टॅन्लीच्या एका कंपनीने जुन्या डिस्क काढायचं काम सामान हलवणाऱ्या कंपनीला दिलं, जिला डेटा नष्ट करण्याचा अनुभवच नव्हता. गिऱ्हाइकांच्या माहितीसकट काही उपकरणं पुढे विकली गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एसईसीने दंड लावला साडेतीन कोटी डॉलर.

वॉरंटी शिल्लक असेल तर थोडा विचार करा. डिस्क परत देणं म्हणजे आतली माहितीही देणं. डिस्क पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्ट केलेली असेल तर बिनधास्त द्या. नसेल आणि आत गिऱ्हाइकांची कागदपत्रं असतील, तर माझ्या मते वॉरंटी सोडून द्यावी. एका एसएसडीच्या किमतीपेक्षा गिऱ्हाइकाचा विश्वास महाग पडतो.

मग ती फोडायची. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमधल्या तबकड्या बऱ्याचदा काचेच्या असतात, म्हणून ड्रिल मारताना गॉगल आणि हातमोजे हवेतच. एसएसडीला लोहचुंबक लावून काही होत नाही. झाकण काढून प्रत्येक काळी चिप तुटली पाहिजे. उरलेले तुकडे भंगारवाल्याला देऊ नका. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत, नोंदणीकृत रिसायकलरलाच द्या. देताना डिस्कचा सिरियल नंबर आणि तारीख डायरीत लिहा, आणि त्यांच्याकडून पावती घ्या.