झाशीचे चार तास, 180 जीबी

1858 मध्ये इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हा वरसईचे विष्णुभट गोडसे शहरातच होते. ‘माझा प्रवास’मध्ये कत्तलीबरोबरच राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची धूळधाणही ते सांगतात. मोठे व्हिडिओ एकाच डिस्कवर ठेवून निर्धास्त असणारी माणसे पाहिली की मला तो संग्रह आठवतो.

समजा, किल्ला, राणीमहाल आणि 1842 मध्ये लक्ष्मीबाईंचे लग्न लागले ते गणेश मंदिर तुम्ही फोर-के कॅमेऱ्यात टिपले. सेकंदाला 100 मेगाबिट धरले तर तासाला 45 जीबी, चार तासांचे 180. कार्ड फॅट-32 रचनेचे असेल तर एक फाइल 4 जीबीच्या पुढे जाऊच शकत नाही. त्यामुळे दर पावणेसहा मिनिटांनी नवा तुकडा पडतो, एकूण चाळीसेक.

हे तुकडे जोडायला पुष्कळ जण एडिटिंगचा प्रोग्राम उघडून सगळे नव्याने एन्कोड करतात. त्यात रात्र जाते आणि चित्राचा दर्जाही थोडा घसरतो. लिनक्सवर एफएफएमपेग या प्रोग्रामला ‘कॉपी’ असे सांगितले की तो चित्राला हात न लावता तुकडे एकामागे एक लावतो. वेळ लागतो तो फक्त डिस्कच्या वाचण्या-लिहिण्याचा. याच पद्धतीने व्हिडिओ कापायचा असेल तर मात्र जपावे. बहुतेक फ्रेममध्ये शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदलले एवढेच साठवलेले असते, पूर्ण चित्र अधूनमधूनच येते. म्हणून काप त्या पूर्ण फ्रेमवरच नीट बसतो.

संकलनासाठी केडेनलाइव्ह या एडिटिंगच्या प्रोग्राममध्ये प्रॉक्सी, म्हणजे लहान आकाराच्या प्रती, बनवून घ्याव्यात. जुना लॅपटॉपही मग अडखळत नाही, आणि शेवटचा व्हिडिओ मूळ फाइलींवरूनच तयार होतो.

माझा खरा आग्रह आहे तो दुसऱ्या प्रतीचा. बाहेरची डिस्क फॅट-32 नको. फक्त लिनक्सवर वापरायची असेल तर ईएक्सटी-4 किंवा एक्सएफएस, विंडोजवरही लावायची असेल तर एक्सफॅट. कॉपी आरसिंक या प्रोग्रामने करावी. मध्येच वीज गेली तर तीच आज्ञा पुन्हा दिली की पूर्ण उतरलेल्या फाइली वगळून तो पुढचे काम करतो. कॉपी सुरू करण्याआधी मूळ फाइलींवर शा-256 चालवून प्रत्येकीचा आकडा लिहून ठेवावा. एक बिट जरी बदलला तरी हा आकडा पार वेगळा येतो. कॉपी संपल्यासारखी दिसली तरी शेवटचा भाग रॅममध्येच रेंगाळत असू शकतो. म्हणून आधी डिस्क रीतसर अनमाउंट करावी, पुन्हा जोडावी आणि मग आकडे ताडून पाहावेत. कॅमेऱ्याचे कार्ड त्यानंतरच पुसावे.