४६ मधून २४ वजा केले, पण उरलं काय?

आजच्या भागात एकच वजाबाकी आहे. रेकॉर्डिंगमध्ये बोलताना मी आकडे गोल केले होते, इथे दशांशासकट देतोय.

आकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतले, म्हणजे एनएफएचएस-५ चे, २०१९ ते २०२१ मधले. १५ ते ४९ वयाच्या स्त्रिया. भारताच्या ग्रामीण भागात ४६.६ टक्के जणींकडे त्या स्वतः वापरतात असा मोबाईल होता, आणि २४.६ टक्के जणींनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं. शहरात हेच आकडे ६९.४ आणि ५१.८.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे असे आकडे माझ्यापर्यंत स्लाइडवर बसून येतात. अशाच एका मीटिंगमध्ये हिशोब मांडला होता: ४६.६ वजा २४.६, म्हणजे गावातल्या २२ टक्के बायकांकडे फोन आहे पण नेट नाही, म्हणजे हे आपले नवे युजर्स. सगळ्यांनी माना डोलावल्या.

आता डोळ्यांसमोर एका ओळीत १०० खुर्च्या आणा. प्रत्येक खुर्चीवर एक बाई. फोनवाल्या डावीकडून बसवा, पहिल्या साधारण ४७ खुर्च्या. नेट वापरलेल्या कुठे बसवायच्या? हे दोन आकडे ते सांगतच नाहीत. सगळ्या नेटवाल्या फोनवाल्यांमधल्याच असतील, तर वजाबाकी बरोबर, २२ टक्के. पण नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवर नेट वापरणारी बाईसुद्धा 'इंटरनेट वापरलं' यात मोजली जाते आणि तिच्याकडे स्वतःचा फोन नसतो. अशी एक बाई निघाली की २२ चे २३ होतात. नुसत्या या दोन आकड्यांवरून सांगायचं तर 'फोन आहे, नेट नाही' हा गट २२ पासून ४६.६ पर्यंत कुठेही असू शकतो. वजाबाकीने आला तो सगळ्यात कमी आकडा. स्लाइडवर 'किमान' हा शब्द हवा होता.

मग या टक्क्यांमधून ठाम असं काहीच निघत नाही का? निघतं की! शहराचे आकडे घ्या. फोनवाल्या डावीकडून ६९.४, नेटवाल्या उजव्या टोकाकडून ५१.८. बेरीज १२१.२. खुर्च्या १००च. म्हणजे कितीही लांब बसवलं तरी २१.२ खुर्च्यांवर दोन्ही गट एकमेकांवर येणारच. शहरातल्या किमान २१.२ टक्के स्त्रियांकडे स्वतःचा फोनही होता आणि त्यांनी नेटही वापरलं होतं, हे कुणालाही न विचारता सांगता येतं.

गावात हीच बेरीज ७१.२. इथे टक्कर होईलच असं नाही. पण मधे २८.८ खुर्च्या रिकाम्या राहतात, आणि हा रिकामेपणाचासुद्धा सगळ्यात कमी आकडा आहे. म्हणजे किमान २८.८ टक्के ग्रामीण स्त्रियांकडे त्या वेळी ना स्वतःचा फोन होता, ना नेटचा अनुभव. जास्तीत जास्त ५३.४ टक्के. एखाद्या योजनेचा अर्ज फक्त ऑनलाइन ठेवायचा आणि ओटीपी अर्जदाराच्याच मोबाईलवर पाठवायचा, असं ठरवणाऱ्या माणसासमोर २२ टक्क्यांच्या आधी हा आकडा यायला हवा. तो स्लाइडवर नव्हता, कारण तो वजाबाकीतून दिसत नाही. (सर्वेक्षण म्हटलं की आकडा थोडा इकडे-तिकडे असणारच, ते आज बाजूला ठेवू.)

मला स्वतःला आवडलेली गंमत पुढे आहे. इंटरनेटचा संपूर्ण देशाचा आकडा ३३.३ आहे. शहर ५१.८ आणि गाव २४.६ यांची साधी सरासरी काढली तर येते ३८.२. मग ३३.३ कसा? गावातल्या स्त्रिया संख्येने जास्त, म्हणून आकडा गावाकडे ओढला जातो. किती, तेही निघतं: २४.६ पासून ३३.३ पर्यंत अंतर ८.७, आणि गाव ते शहर पूर्ण अंतर २७.२. भागाकार साधारण ०.३२. म्हणजे या मोजणीत शहरी स्त्रिया ३२ टक्क्यांच्या आसपास. पटत नसेल तर मोबाईलवर करून बघा, तिथे देशाचा आकडा ५४.० आहे. उत्तर पुन्हा ०.३२ च येतं.

पुरुषांचा नेटचा आकडा ५७.१. त्यावरून 'नेट वापरणाऱ्या दर १०० जणांत ५७ पुरुष' असं म्हणणारे लोक मी पाहिलेत. तसं नाही. तो १०० पुरुषांमधला आकडा आहे, १०० नेटवाल्यांमधला नाही. टक्केवारी दिसली की मी आधी 'कशाच्या शंभरात?' हे विचारतो, बाकीचं नंतर.

आणि 'कधी ना कधी' हे शब्द विसरू नका. भाच्याच्या फोनवर एकदाच काही शोधलेली मावशी आणि दिवसाला दोन जीबी संपवणारी तुमची मैत्रीण, दोघी त्या २४.६ किंवा ५१.८ मध्ये सारख्याच.

आपल्या राज्याचे आकडे उघडणार असाल तर तारीखही बघा. महाराष्ट्राची पाहणी पहिल्या टप्प्यात, २०१९ मध्ये, लॉकडाऊनच्या आधी झाली. तमिळनाडू, उत्तर प्रदेश वगैरे दुसऱ्या टप्प्यात, २०२० आणि २०२१ मध्ये. मधल्या काळात शाळा फोनवर आली होती. तेव्हा महाराष्ट्र आणि तमिळनाडूचे नेटचे आकडे शेजारी ठेवलेत, तर त्यातला किती फरक राज्यांचा आणि किती त्या वर्षभराचा, हे त्या तक्त्यावरून वेगळं काढता येत नाही.