भूजल कोणाचे? चर खणणाऱ्यांचे की बोअर मारणाऱ्यांचे?

मार्च उजाडला की मराठवाड्यातील अनेक गावांत एकच चित्र दिसते. वस्तीतला हातपंप आधी खरखरतो, मग कोरडा पडतो. थोड्याच अंतरावर उसाच्या फडात मात्र मोटर चालू असते. वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला हमखास एक प्रश्न विचारला जातो, "पाऊस तर सगळ्यांवर सारखाच पडला, मग आमचंच पाणी कसं आटलं?" या प्रश्नाचे अर्धे उत्तर खडकात आहे, अर्धे कायद्यात.

आपला खडक

जमिनीखाली पाण्याची नदी वाहते, खोल गेले की ती लागते, हा गैरसमज आधी सोडला पाहिजे. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. त्यात पाणी साठते ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. साठा लहान असतो. तो एका पावसाळ्यात भरतो आणि उन्हाळ्यापर्यंत रिकामाही होऊ शकतो. भेगा एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणून एकाने खोल बोअर मारून उपसा वाढवला की शेजारची उथळ विहीर आणि वस्तीचा हातपंप आटतो. सातबाऱ्यावर जमिनीची वाटणी झाली, भूजलाची नाही.

गावाचा हिशोब

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी पडले. समजा, गावाचे क्षेत्र १,००० हेक्टर आणि पाऊस ६०० मिलिमीटर. एकूण पाणी झाले ६०० कोटी लिटर. बेसॉल्टच्या प्रदेशात त्यातले ढोबळमानाने दहावा हिस्सा मुरते, म्हणजे ६० कोटी लिटर.

आता खर्च पाहू. गावात २,००० माणसे असतील आणि माणशी रोज ५५ लिटर धरले, तर वर्षाला सुमारे ४ कोटी लिटर लागतात. सरीत पाणी सोडून घेतलेला ऊस हेक्टरी साधारण २ कोटी लिटर पितो. म्हणजे अख्ख्या गावाचे वर्षभराचे पाणी पाच एकर उसाला लागते आणि ७५ एकर उसात गावाचे सगळे मुरलेले पाणी संपते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते वर्ष आपण पाहिले आहे. दुष्काळ पावसाने येतो हे खरे, पण टंचाई किती दिवस आणि कोणाच्या वाट्याला, हे उपसा ठरवतो.

घाम एकाचा, पाणी दुसऱ्याचे

१८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून आपल्या जमिनीखालचे पाणी उपसण्याचा हक्क जमीनमालकाला मिळत आला आहे. ज्याला जमीन नाही त्याला भूजलही नाही, हा त्याचा सरळ अर्थ. १९७२ च्या दुष्काळापासून रोजगार हमीच्या कामांवर पाझर तलाव, नालाबांध आणि समतल चर खणले गेले. खणणाऱ्या हातांत भूमिहीन आणि अल्पभूधारक दलितांचे हात मोठ्या संख्येने होते. त्या कामांनी मुरवलेले पाणी मात्र चढले ते विहीरवाल्यांच्या विहिरीत. मजुरी मिळाली, वाटा मिळाला नाही.

म्हणूनच नुसते 'पाणी अडवा, पाणी जिरवा' पुरेसे नाही. जिरलेले पाणी कोण आणि किती उपसणार, हे ठरले नाही तर पाणी वाढेल तसे बोअरही वाढतील. प्लास्टिकचे अस्तर असलेले शेततळे विहिरीतून भरणे हेही संवर्धन नव्हे. भूजल वर काढून उन्हात ठेवणे म्हणतात त्याला.

हे बदलता येते

पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणीपंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे, तर घरातल्या माणसांच्या संख्येवर वाटले गेले. भूमिहीनांचाही पाण्यावर हक्क मानला गेला आणि उसाला मनाई होती. हिवरे बाजारने सिंचनासाठी बोअर बंद केले आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवण्याची पद्धत पाडली.

कायद्याचाही आधार आहे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ मध्ये पिण्याच्या सार्वजनिक स्रोतांना संरक्षण आहे आणि शेती व उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत. अंमलबजावणी मात्र मागितल्याशिवाय होत नाही.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. पुढे दहा वर्षे कोर्टकज्जा चालला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. ते तळे डोळ्यांना दिसत होते, अडवणारेही दिसत होते. आजचे तळे जमिनीखाली आहे आणि तिथे अडवायला कोणी काठी घेऊन उभे राहत नाही. वीस अश्वशक्तीची मोटर पुरेशी असते.

तरुणांनी काय करावे?

पाऊस संपला की गावातल्या आठ-दहा विहिरींची पाणीपातळी दोरीला दगड बांधून मोजा आणि वहीत तारखेसह लिहा. दर महिन्याला पुन्हा मोजा. जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयातून आपल्या भागातील निरीक्षण विहिरींच्या नोंदी मागा. वस्तीच्या हातपंपाभोवती किती बोअर आहेत, कोणते नवे आहेत, याचा नकाशा काढा.

हे सगळे घेऊन २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला जा. रब्बीची पेरणी ठरण्याआधीची ती वेळ असते. दोनच ठराव मांडा: गावाच्या ताळेबंदात पिण्याचे पाणी आधी बाजूला काढावे आणि वस्तीच्या स्रोताजवळ नव्या बोअरला परवानगी देऊ नये. ठरावाची प्रत घ्या आणि ती तहसीलदारांकडे लेखी पोचवा. सोबत वस्तीतल्या बायांना न्या. हंडा त्यांच्या डोक्यावर आहे, तेव्हा पहिले बोलणेही त्यांचेच असू द्या.