जळालेली गाडी आणि टपरीवरचा तपास

रात्री रस्त्याकडेला मोटार पेटली, आत माणूस जळून गेला, अशी बातमी आली की रिसोड तालुक्यातल्या केनवडच्या चहाटपरीपासून मुंबईच्या लोकलपर्यंत सगळीकडे तपास सुरू होतो. 'मुठी आवळलेल्या होत्या म्हणे, म्हणजे झटापट झाली.' 'कवटी फुटली होती, म्हणजे आधी डोक्यात घातलं.' चहा संपेपर्यंत निकालही लागतो आणि बहुतेक वेळा आरोपी घरातलाच निघतो!

मंडळी, हे तर्क ऐकायला चोख वाटतात. पण आगीची रीत वेगळी असते. प्रचंड उष्णतेनं स्नायू आखडतात. कोपर-गुडघे वाकतात, मुठी वळतात, देह मुष्टियोद्ध्यासारखा दिसतो. मृतदेहाच्या बाबतीतही हे घडतं. कवटीला नुसत्या उष्णतेनंही तडे जातात. म्हणजे टपरीवरचे दोन्ही 'पुरावे' बाद.

मग डॉक्टर काय पाहतात? श्वासनलिकेत काजळी आहे का आणि रक्तात कार्बन मोनॉक्साइड किती आहे. दोन्ही आढळले, तर आग लागली तेव्हा श्वास चालू होता. नसले, तर संशय बळावतो. मात्र भडका क्षणात उडाला असेल, तर एवढ्यावरही निष्कर्ष काढता येत नाही. ओळख पटते ती दात, हाडं आणि डीएनएवरून.

केरळात जानेवारी 1984 मध्ये एका जळालेल्या अ‍ॅम्बॅसडरमध्ये मृतदेह सापडला. मृत माणूस सुकुमार कुरूप, असं सांगितलं गेलं. पण शवविच्छेदन करणाऱ्या डॉ. बी. उमादतन यांना श्वासमार्गात काजळी दिसली नाही; माणूस आगीआधीच मेला होता. विम्याच्या रकमेसाठी, वाटेत गाडीत घेतलेल्या एका निरपराध माणसाचा बळी दिला होता. कुरूप पुढे कधीच हाती लागला नाही.

डिसेंबर 2025 मध्ये आपल्या लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात, असंच प्रकरण पुढं आलं. गाडीतला मृतदेह आधी गाडी नेणाऱ्याचाच समजला गेला. पोलिसांच्या म्हणण्यानुसार तो जिवंत होता आणि जळाला होता तो लिफ्ट मागणारा वाटसरू. एका घरात जिवंत माणसासाठी रडारड आणि ज्याचा जीव गेला त्याचं नावही कुणाच्या तोंडी नाही! ओळख चुकली की असं होतं.

अशा मृत्यूची आधी आकस्मिक मृत्यू म्हणून नोंद होते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 174 खाली पंचनामा होई. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 194 लागू आहे. त्यासाठी परिसरातल्याच किमान दोन प्रतिष्ठित व्यक्तींना पंच म्हणून बोलावतात. पंचानं जे डोळ्यांनी दिसलं, तेवढंच लिहून द्यायचं असतं. कुणाचं कुणाशी वैर होतं, हे नव्हे.

आपणही पंचाचीच शिस्त पाळावी. आग विझल्यावर गाडीजवळ गर्दी करू नये, राखेत काठी घालू नये, काही उचलू नये. रात्री काही पाहिलं-ऐकलं असेल, तर ते ठाण्यात जाऊन सांगावं. नुसता अंदाज असेल, तर तो मनातच ठेवावा. खरा दोषी सापडला तरी, टपरीवर आधीच दोषी ठरलेल्या घराला गेलेली अब्रू कुणी परत आणून देत नाही.